मागं बांधलेला शेवट

शिवाजी पेठेत त्या काळी पुस्तकं बांधायची म्हणजे गैबी अत्ताराकडं जायचं, दुसरं नाव कुणी घ्यायचं नाही. आडनाव अत्तार, पण हाताला वास खळीचा आणि मोरचुदाचा. खळीत मोरचूद घातलं नाही तर कसर पुस्तक खाते, हे तो येईल त्याला ऐकवायचा, समोर पोस्टमन असो नाहीतर सोयरा. उंच, किडकिडीत माणूस. माणसांवर तो सहसा चिडत नसे, चिडायचा ते पानाचा कोपरा दुमडणाऱ्यांवर. एका वकिलानं पुस्तकात खूण म्हणून सुपारीचं खांड ठेवलं होतं, तर गैबीनं ते पुस्तक न बांधताच परत पाठवलं, आणि सुपारी तेवढी वेगळी पुडीत बांधून दिली.

त्याची एक खोड होती. बांधायला आलेलं पुस्तक वाचून झाल्याशिवाय तो त्याला पुठ्ठा चढवत नसे. शाळा चौथीपर्यंत, ओठ हलवत वाचणार, त्यामुळं एकेका पुस्तकाला महिना जायचा आणि गिऱ्हाईक हेलपाटे घालून मेटाकुटीला यायचं. पुढं हे काम त्याच्या लेकीनं, सलमानं, अंगावर घेतलं तेव्हा कुठं गाडी रुळावर आली. गैबी सुई चालवायचा आणि सलमा शेजारी बसून मोठ्यानं वाचायची. घरात बोलणं दखनीतलं, पण पुस्तकावर बोलायचं ते मराठीतच, असा त्या दोघांत न ठरवता कायदा होऊन गेला होता. सलमाची आई हाफिजा आतून ओरडायची, की त्या राजाचं काय व्हायचं ते होऊ दे, भाकरी गार झाली.

त्याचं ठरलेलं गिऱ्हाईक म्हणजे तालमीच्या माडीवरचं वाचनालय. खाली लाल माती, वर पुस्तकांची कपाटं. ते चालवायचे आकाराम वस्ताद. गुडघा गेल्यावर वस्तादांची कुस्ती सुटली, पण शिस्त काही सुटली नाही. त्यांचा नियम असा, की पुस्तक परत करताना त्याच पुस्तकात मागं चार ओळी अभिप्राय लिहायचा, तरच दुसरं मिळणार. कुणी कुरकुर केली तर म्हणायचे, जेवलास न्हवं, मग चव कशी हुती एवढं तरी सांगशील का न्हाय? त्यासाठी गैबी प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी वीस-पंचवीस कोरी पानं शिवून द्यायचा. पेठेत कित्येक पोरांना वाटायचं, की सगळ्या जगात पुस्तकं अशीच असतात, पुढं गोष्ट आणि मागं लोकांची मतं.

त्र्याहत्तर साली वस्तादांनी एक नवी कादंबरी मागवली. नाव ‘बिनखिडक्यांचं शहर’, मोठ्या होत चाललेल्या मुलांसाठी लिहिलेली. लेखिका नागपूरकडच्या कुणी पद्मजाबाई, पेशानं शिक्षिका. वस्तादांना पुण्यामुंबईचं बाइंडिंग पसंत नसायचं, म्हणून ते पुस्तकं कच्च्या फर्म्यांत मागवत. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद. त्याच्या घड्या घातल्या की त्याची सोळा पानं होतात. असे नऊ फर्मे सुतळीनं बांधून आले. गैबीनं पानाखालचे नंबर बघितले, एक ते नऊ, सलग. दहावा असतो का, हे छापखान्याला पत्र टाकून विचारायला हवं होतं. बांधणाऱ्याचं ते कामच असतं. पण त्या दिवशी घरात कुणाला दम होता? तेरा वर्षांची सलमा घडी पडली रे पडली की फर्मा ओढून वाचत होती, आणि हा सुई थांबवून ऐकत होता.

गोष्टच तशी होती. एक शहर, त्याला भोवती भिंत, घरांना एकही खिडकी नाही. मूल बारा वर्षांचं झालं की त्याच्या मनगटावर एक रंगीत पट्टी बांधायची. रंग सांगेल ते काम मरेपर्यंत करायचं. उर्मी नावाच्या मुलीची पट्टी बांधायची वेळ येते आणि ती पळते. तिला भिंतीत एक जुनं दार सापडतं. नवव्या फर्म्याच्या शेवटच्या पानावरची शेवटची ओळ अशी होती: ‘उर्मीने कडी काढली. दार उघडले. बाहेर ऊन होते.’ ओळ पानाच्या अगदी तळाला संपत होती. सलमानं कागद खाली ठेवला. गैबीनं पुसलं, संपलं व्हय? ती म्हणाली, व्हय, संपलं. मग त्यानं पाठीमागं कोरी पानं लावली आणि पुस्तक शिवून टाकलं.

मग सुरू झाले अभिप्राय. पहिला जोतीरामचा. हा तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर, अंगानं दांडगा, पुस्तकाला बहुधा पहिल्यांदाच हात लावलेला. त्यानं लिहिलं: ‘पोरगी बाहेर गेली हे बेस झालं. मी असतो तर दार हुडकत बसलो नसतो, भिंतच पाडली असती. मारामारी कमी आहे. समाप्त लिहायचं विसरलेत.’ वस्तादांनी त्याला समजावलं, की हल्लीचे लेखक समाप्त लिहीत न्हाईत, तशी फॅशन हाय. त्याच्याखाली डॉक्टरांच्या नंदिनीनं वळणदार अक्षरात लिहिलं, की लेखिकेने शेवट वाचकांवर सोपवला आहे आणि हेच या कादंबरीचे बलस्थान होय. हे वाक्य वस्तादांना एवढं आवडलं, की पुढचे दोन महिने ते कुठल्याही पुस्तकाला लावत होते, पाककृतीच्या सुद्धा. कुणीतरी शंका काढली, की खिडक्या नव्हत्या तर चुलीचा धूर कुठनं जायचा. त्याला तिघांनी उत्तरं दिली, उत्तरांना प्रत्युत्तरं आली, आणि शेवटी वस्तादांनी लाल शाईनं ‘बास’ असं लिहून भांडण सोडवलं.

भाजी विकणाऱ्या बनाबाईनं सुनेकडून सगळं पुस्तक वाचून घेतलं आणि अभिप्रायही सुनेकडूनच लिहून घेतला: ‘पोरगी एवढ्या लांब निघाली आणि संगं भाकरी न्हाय. लिहिणाऱ्या बाईला लेकरंबाळं न्हाईत वाटतं. पण पोरगी शानी हाय. जेवली आसंल कुठंतरी.’ हे सलमानं वाचून दाखवलं तेव्हा गैबी इतका हसला की सुई बोटात घुसली.

आणि सलमानं लिहिलं होतं: ‘कडी काढली म्हणजे ती जाणारच. जायचं नसतं तर लेखिकेनं तिला दारापर्यंत आणलंच नसतं. मी पण गेले असते. आई रडली असती. अब्बा रडले नसते.’

आता हे वाचून बापानं काय करावं? त्यानं चष्मा पुसला आणि पुस्तक वाचनालयात पोचवलं.

सातवी झाली आणि शिरोळहून गैबीची बहीण मदिना आली, आपल्या धाकट्यासाठी सलमाला मागायला. घरचा ऊस, घरचं दूधदुभतं, पोरगं निर्व्यसनी. नाव ठेवायला जागा नव्हती. हाफिजा तर हरखूनच गेली होती. पोरगीला आता शाळा कशाला, असं सगळ्यांचं चाललेलं असताना सलमा चहाचा ट्रे खाली ठेवून अब्बापुढं गेली आणि उजवं मनगट पुढं करून उभी राहिली. आईला वाटलं पोरगीचा हात दुखतोय. आत्याला वाटलं बांगड्या मागतीया. कळलं फक्त गैबीला, कारण त्या शहरात तिच्याबरोबर तो सगळा फिरून आला होता. त्यानं बहिणीला सांगितलं, की आक्का, पोरगी शिकू दे, नंतर बघू. मदिना रागानं जेवणावरून उठली आणि दोन वर्षं शिरोळचा गूळ आला नाही.

तशी सलमा शिकली. मॅट्रिक झाली, त्यावर वर्षभर कॉलेज झालं, आणि सत्त्याहत्तर साली तिला मिरजेला नर्सिंगच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. तीन वर्षं, राहायचं तिथंच.

खरी गंमत पुढंच. जी हाफिजा चार वर्षं नको नको म्हणत होती, ती आता ट्रंक भरत होती, चटणीचे डबे करत होती आणि गल्लीत सांगत सुटली होती की आमची सलमा डॉक्टरांच्या हाताखाली सुई देणार. आणि ज्यानं परवानगी दिली होती, तो गैबी आतून पार ढेपाळला होता. मिरज म्हणजे काही विलायत नव्हे, सकाळच्या रेल्वेत बसलं की ऊन व्हायच्या आत पोचतो माणूस. पण त्याच्या जिवाचं पाणी पाणी होत होतं. पोरगी गेल्यावर वाचणार कोण? सुईत दोरा कोण ओवणार? दुपारी कोण सांगणार, की अब्बा, हा राजा दुसऱ्याच फर्म्यात मरायला पायजे हुता? तिनं जाऊ नये असं त्याला मनापासून वाटत होतं. शब्द दिलेला, तोंड उघडायची सोय नव्हती.

सोमवारी तिला जायचं होतं. गुरुवारी आकाराम वस्ताद गुडघा ओढत आले, हातात एक जाड पाकीट. झालं होतं असं, की वस्तादांनी हौसेनं ‘बिनखिडक्यांचं शहर’मधले सगळे अभिप्राय सुवाच्य अक्षरात उतरवून प्रकाशकाच्या पत्त्यावर पद्मजाबाईंना पाठवले होते. बघा म्हणावं आमच्या पेठेतली पोरं कशी वाचतात. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. बाईंचं उत्तर आलं होतं. पत्र चांगलं होतं, बनाबाईंना नमस्कार सांगितला होता, आपल्याला दोन मुलं आहेत हेही कळवलं होतं. पण पुढं लिहिलं होतं, की मुलांची मतं वाचून मी बुचकळ्यात पडले. माझी उर्मी बाहेर जातच नाही, ती परत येते. तुमच्या प्रतीत दहावा फर्मा नसावा असं वाटतं, म्हणून सोबत पाठवत आहे.

वस्तादांचा चेहरा पडला होता. ते म्हणाले, “चार वर्षं आपण निम्मी कुस्ती बघून शिट्ट्या मारल्या की रं गैबी.”

गैबीला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीस वर्षांत त्याच्या हातून एक पान मागंपुढं झालं नव्हतं, आणि इथं आख्खी सोळा पानं नव्हती. बाइंडर म्हणून तोंड कुठं दाखवायचं? वस्तादांनी त्याला चार शब्द धीराचे सांगितले, फर्मा हातात ठेवला, वाचनालयातलं ते पुस्तक ठेवलं आणि नीट बसवून दे म्हणून निघून गेले. सलमा दाखले आणायला कॉलेजात गेली होती.

गैबीनं दहावा फर्मा उघडला आणि ओठ हलवत वाचायला बसला. उर्मी उंबऱ्यावर उभी राहते. पाठीमागं, अंधाऱ्या बोळात, तिचा बाप येऊन थांबलेला असतो. मुलगी गेली तर शिक्षा बापाला होणार, हे दोघांनाही माहीत असतं. बाप तिला जा म्हणतो. ती त्याच्या तोंडाकडं बघते, दार लावून घेते आणि त्याचा हात धरून घरी येते. शेवटच्या ओळीत तिच्या मनगटावर पट्टी असते. त्याखाली, मधोमध, समाप्त.

वाचून झालं तेव्हा गैबीच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. लई सुंदर लिहिलं होतं बाईनं. आणि त्या पाण्याबरोबरच त्याच्या मनात एक विचार वर आला, त्याची त्याला लगोलग शरम वाटली, पण विचार काही गेला नाही. ज्या पुस्तकाच्या जोरावर पोरगी निघाली होती, त्या पुस्तकातली पोरगी तर माघारी आली होती, आणि तीही बापासाठी. आपण एक शब्द बोलायचा नाही. फर्मा नुसता समोर ठेवायचा. सलमा कागद दिसला की वाचणारच.

शुक्रवारी दुपारी त्यानं तेच केलं. सलमा बसायची त्या पाटावर फर्मा ठेवला, वर उडू नये म्हणून कात्री ठेवली आणि नमाजाला गेला. पण तिथं कसलं लक्ष लागतंय? सगळे वाकले की हा उभा, सगळे उठले की हा वाकलेला. त्याला एकच दिसत होतं, की सलमा वाचतीया, वाचून गप झालीया आणि उठून ट्रंकेतले कपडे बाहेर काढतीया. हेच तर पाहिजे होतं त्याला. पण ते चित्र त्याला बघवेना. नमाज संपल्या संपल्या, कुणाशी न बोलता, एका पायात दुसऱ्याचीच चप्पल घालून तो घरी पळाला.

फर्मा जागच्या जागी होता. सलमा शेजारणीकडं निरोप घ्यायला गेली होती. हाफिजानं विचारलं की अंगात ताप आहे का. त्यानं फर्मा उचलला, छातीशी धरला आणि नुसता बसून राहिला.

शनिवारी त्यानं पुस्तक उसवलं. आता फर्मा बसवायचा कुठं? नियमानं नवव्याच्या मागं, अभिप्रायांच्या आधी. त्यात डोकं चालवायचं कारण नव्हतं. पण तसं केलं की पुढं वाचणारा आधी उर्मीला परत आलेली बघणार, आणि मग जोतीराम, नंदिनी, बनाबाई, सगळ्यांची मतं वाचून खुळी म्हणून हसणार. आणि दडवून ठेवायचा म्हटलं तर तो पानचोर ठरणार. दुपारपर्यंत सुई हातात धरून तो बसला होता. मग त्यानं आधी नऊ फर्मे घेतले, त्यांच्यामागं अभिप्रायांची लिहिलेली पानं घेतली, त्यांच्यामागं दहावा फर्मा, आणि सगळ्यात शेवटी थोडी नवी कोरी पानं. शिवलं, खळ लावली, दाबाखाली ठेवलं.

संध्याकाळी वस्ताद बघायला आले आणि चक्रावले. हे काय उरफाटं बांधलंस, म्हणाले. अभिप्राय मधी आणि शेवट मागं?

“पोरांचं आधी आलं, बाईंचं मागनं आलं,” गैबी म्हणाला. “ज्या क्रमानं आलं त्याच क्रमानं बांधलं, वस्ताद. बाईंचंबी एक मतच की.”

वस्तादांनी पुस्तक पुढून मागून चाळलं, गुडघा चोळला आणि म्हणाले, की पेच न्हाय वाईट. पण नियम म्हणजे नियम. आता हे पुस्तक तूच आख्खं वाचलंयस, तवा पुस्तक परत देताना चार ओळी तुझ्याबी लागतील. आणि उद्या पुस्तक सलमाच्या हाती पाठवून दे म्हणून सांगून गेले.

रविवारी सकाळी गैबीनं पुस्तक स्वतःच सलमाच्या हातात दिलं. त्यानं सगळं सांगितलं, दहावा फर्मा कसा राहिला, बाईंचं पत्र कसं आलं. शुक्रवारचं मात्र तो सांगू शकला नाही. वस्तादांकडं पोचवायच्या आधी वाचून घे, एवढं म्हणून तो उगाचच धार असलेल्या सुरीला धार लावत बसला.

सलमा उंबऱ्यात बसून वाचत होती. आपला तेराव्या वर्षीचा अभिप्राय आला तिथं ती जराशी हसली. मग दहावा फर्मा सुरू झाला. सुरी थांबली. ती पानं उलटत होती आणि तो तिच्या पाठीकडं बघत होता. समाप्तपर्यंत पोचल्यावर तिनं डोळ्यांना ओढणी लावली. मग पान उलटलं. कोऱ्या पानावर निळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं सुटं काढून लिहिलं होतं:

‘शेवट मला लई आवडला. पोरगी बापाकडं परत आली. बापाला हे आवडणारच, म्हणून त्याचं मत धरू नये. त्यासाठी हा फर्मा मागं बांधला आहे. गैबी अत्तार, बाइंडर.’

सलमा कितीतरी वेळ त्या चार ओळींवर हात ठेवून बसली. आत हाफिजा चटणीच्या डब्याच्या तोंडाला दादऱ्याचं फडकं बांधताना कुणावर तरी ओरडत होती. मग सलमा उठली, अब्बाच्या शेजारी येऊन पाटावर बसली आणि पुस्तक मिटून मांडीवर घेतलं.

“अब्बा,” ती म्हणाली, “उद्या कितीच्या गाडीनं जायचं?”

गैबीनं सुरी खाली ठेवली, हात धोतराला पुसले.

“पहिल्या,” तो म्हणाला. “मी येतो की सोडायला.”